भोपळ्याला कुणी जात विचारली नाही

भोपळ्याचे घारगे हा कोकणातला अगदी घरचा पदार्थ. पण त्यातला लाल भोपळा मूळचा अमेरिका खंडातला. १४९२ साली कोलंबस तिकडे पोचला, १४९८ साली वास्को द गामा कालिकतला उतरला. त्यानंतर युरोपीय जहाजांच्या वाटांनी मिरची, काजू, पपई आपल्याकडे आले, तसा हा भोपळाही आला. तंबोऱ्याला लागतो तो भोपळा वेगळा, इथं त्याच्या आधीपासून असलेला. नव्या पाहुण्याला आपण त्याचंच नाव दिलं, पुढं 'लाल' जोडलं आणि गुळात शिजवला.

मिरकरवाड्यात घरच्या छोट्या ओव्हनमध्ये मी याच भोपळ्याच्या मऊ कुकीज करतो. गर आधी कढईत आटवायचा, नाहीतर पीठ सैल होतं. तरीही त्यात उरलेला ओलावा कुकी मऊ ठेवतो. मग लोणी, गूळ, मैदा, चिमूटभर मीठ. गुळाचा किंचित आंबटपणा आणि खायचा सोडा एकत्र आले की पीठ फुगतं. १८० अंशांवर बारा-पंधरा मिनिटं पुरतात. आईच्या मते हे घारगेच, फक्त तळायच्याऐवजी भाजलेले.

मसाल्यांचा प्रवासही समुद्रावरचाच. दालचिनी श्रीलंकेची, लवंग मोलुक्का बेटांची, जायफळ बांदा बेटांचं. आज जायफळ कोकणातल्या बागांत पिकतं, दापोलीच्या कृषी विद्यापीठानं त्याची 'कोकण सुगंधा' ही जातही काढली आहे. वरून घालतो त्या चॉकलेटचा कोकोसुद्धा अमेरिकेचा. त्याची खायची वडी १८४७ साली ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीनं बनवली. म्हणजे भोपळा आणि कोको हे एकाच खंडातले, पण आमच्याकडे पोचले वेगवेगळ्या शतकांत.

यातल्या एकाही जिन्नसाला आपण दारात अडवलं नाही. अडवलं ते बिस्किटाला.

१८५६ साली याच रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांना त्याचा अनुभव पुण्यात आला. ४ ऑक्टोबर १८९० रोजी पंचहौद मिशनमध्ये व्याख्यान झालं. मिशनऱ्यांनी पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं ठेवली. काहींनी घेतली, काहींनी नुसता कपाला हात लावला. डॉ. आनंदीबाई जोशींचे पती गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावं 'पुणेवैभव'मध्ये छापून आणली आणि शहरात ग्रामण्य पेटलं. ग्रामण्य म्हणजे पंक्तीत पान नाही आणि घरच्या कार्याला भटजी नाही. वाद शंकराचार्यांपर्यंत गेला, चौकशी बसली. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. न्यायमूर्ती रानड्यांनीही शेवटी प्रायश्चित्त घेतलं, आणि त्यावरून सुधारक मित्रांचा राग ओढवून घेतला.

त्या बिस्किटात बहुधा गहू, साखर आणि लोणी यापलीकडे काही नव्हतं. आक्षेप ते कुणी भाजलं आणि कुणी पुढे केलं यावर होता. परदेशी भोपळा आपल्या चुलीवर, आपल्या माणसाच्या हातून शिजला म्हणून तो आपला झाला. ओळखीचा गहू दुसऱ्याच्या भट्टीतून आला म्हणून बाटला. शुद्ध-अशुद्धाचा निवाडा जिन्नस बघून होतच नव्हता, हात बघून होत होता.

आज तेच बिस्किट घराघरांत चहात बुडतं. हाताचा प्रश्न मात्र संपलेला नाही. नोकरीसाठी शहरात खोली शोधताना आडनावानंतरचा दुसरा प्रश्न असतो, "खाता काय?" भोपळा कुठून आला, हे त्या घरमालकाला विचारायचं नसतं.