केशवराव भोसले नाट्यगृह

कोल्हापुरातील शाहूकालीन नाट्यगृह. राजर्षी शाहू महाराजांनी १९१३–१५ या काळात खासबाग कुस्ती मैदानालगत (पहा : खासबाग) ते ‘पॅलेस थिएटर’ या नावाने बांधविले. पुढे ललितकलादर्श नाटक मंडळीचे संस्थापक, गायक नट केशवराव भोसले (१८९०–१९२१) यांचे नाव त्यास देण्यात आले. अमरावतीचे वीर वामनराव जोशी यांच्या ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ नाटकातील मृणालिनी ही केशवरावांची गाजलेली स्त्रीभूमिका. १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्वांसह त्यांनी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ केले (पहा : गंधर्व नाटक मंडळी, संगीत नाटक). ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येस, आगीत नाट्यगृहाची मोठी हानी झाली.