कावेरीची वहिवाट

बंगळूरास बदलून आलेल्या मराठी अधिकाऱ्यास या शहराचा आणि शहाजीराजांचा संबंध सांगावा लागत नाही. १६३८ साली हे ठाणे राजांच्या जहागिरीत आले. १६८७ साली मोगलांनी ते घेतले आणि लगोलग तीन लाख रुपयांस म्हैसूरच्या चिक्कदेवराजास देऊन टाकले. भोसल्यांची ही शाखा तोवर तंजावरास स्थिरावली होती. या फेरबदलाचा एक परिणाम मात्र क्वचितच ध्यानात घेतला जातो. बंगळूर सुटले, तंजावर राहिले, म्हणजेच भोसले कावेरीच्या वरच्या अंगाजवळून निघून थेट तळाशी जाऊन बसले.

त्याचे फळ फार लवकर चाखावे लागले. १७०० च्या सुमारास चिक्कदेवराजाने कावेरीस बांध घालून खालचे पाणी अडविल्याची हकीकत त्या काळच्या जेझुइट पाद्र्यांच्या पत्रांत आली आहे. तंजावरचे शहाजीराजे, म्हणजे व्यंकोजींचे पुत्र, आणि मदुरेचा कारभार पाहणारी राणी मंगम्माळ यांचे आपसांत सख्य नव्हते. पण पाणी आटताच दोघांनी मिळून म्हैसूरवर चालून जाण्याची तयारी केली. लढाई झाली नाही. मोठा पाऊस झाला आणि बांध वाहून गेला. निवाडा पर्जन्याने दिला, असेच म्हणावयाचे.

पुढे १८३१ ते १८८१ म्हैसूरचा कारभार इंग्रजांच्याच हाती होता आणि मद्रास तर त्यांचेच. त्यामुळे नदीचे दोन्ही भाग एका धन्याचे झाले. १८८१ मध्ये राज्य वडियारांस परत मिळाले, तेव्हा कावेरीवर पुन्हा सीमा उभी राहिली. नव्या तलावांच्या कामांस मद्रासने हरकत घेतली आणि १८ फेब्रुवारी १८९२ रोजी करार झाला. ठरलेल्या नद्यांवर म्हैसूरने मद्रासच्या पूर्वसंमतीवाचून नवे जलाशय बांधू नयेत, ही त्यातील मुख्य अट. बंगळूरात या कराराविषयी चांगला शब्द सहसा ऐकू येत नाही, आणि त्याला कारणही आहे. दोन पक्षांपैकी एक सार्वभौम सत्तेचाच प्रांत होता. तथापि कागद वाचण्याची सवय असलेल्यांनी पुढचे कलमही वाचावे. प्रत्यक्ष चालत आलेल्या वहिवाटीच्या हक्काचे रक्षण, एवढ्याच कारणावरून मद्रासला संमती नाकारता येत होती. मतभेद राहिल्यास लवादाची सोय होती. तीन वर्षांनी, १८९५ साली, अमेरिकेचे महान्यायवादी हार्मन यांनी रिओ ग्रांदेच्या वादात मेक्सिकोस उत्तर देताना आपल्या हद्दीतील पाण्यावर आपली सत्ता पूर्ण आहे, असे मत दिले. त्याशेजारी हा करार ठेवला म्हणजे तो आम्हांस तितकासा मागासलेला वाटत नाही.

लवादाची वेळ आली ती विश्वेश्वरय्यांमुळे. ते मूळचे म्हैसूरचे, पण शिक्षण पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात आणि नोकरीचा आरंभ मुंबई इलाख्यात. सुरुवातीचे काम त्यांनी खानदेशात पांझरेकाठी केले. तिथे फडपद्धतीने शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या पाणी वाटून घेत आले होते. म्हैसूरला मुख्य अभियंता होताच त्यांनी कन्नंबाडीच्या धरणाची योजना पुढे आणली. मद्रासच्या मनात तेव्हाच मेट्टूरचे धरण होते. हिंदुस्थान सरकारने तूर्त ११ अब्ज घनफुटांपुरती परवानगी दिली. म्हैसूरने पाया मात्र मूळ योजनेच्या पूर्ण उंचीस पुरेल असा घातला! सरकारी कामात परवानगी आणि पाया यांत असे अंतर पडल्याचे आणखी कितीतरी दाखले वाचकांपाशी असतील.

न्यायमूर्ती ग्रिफिन यांचा निवाडा १९१४ साली म्हैसूरच्या बाजूने लागला, हिंदुस्थान सरकारने तो १९१६ मध्ये मान्य केला आणि १९१९ साली लंडनमधील भारतमंत्र्यांनी तो रद्द ठरविला. अखेर १९२४ च्या १८ फेब्रुवारीस नवा करार झाला. दोन्ही धरणे बांधावी, कन्नंबाडीखाली म्हैसूरने १,२५,००० एकर व मेट्टूरखाली मद्रासने ३,०१,००० एकर नवी जमीन भिजवावी आणि पन्नास वर्षांनी काही बाबींचा फेरविचार करावा, असे ठरले.

या सर्व वाटाघाटीत तिसरा शेजारी कोणी मोजला नाही. नदीच्या मुखाशी कारैकल होते. तंजावरच्या मराठी राजाकडूनच १७३९ साली फ्रेंचांस मिळालेले आणि १९५४ पर्यंत त्यांच्याच ताब्यात राहिलेले. परराष्ट्राची खरी सीमा या खोऱ्यात तेवढीच. पुदुच्चेरीच्या नावे आज ७ अब्ज घनफूट पाणी लागते, ते याच कारैकलसाठी.

पन्नास वर्षे १९७४ साली भरली आणि योगायोगाने त्याच वर्षी कावेरीचे पाणी पंपांनी उचलून सुमारे शंभर किलोमीटरवरून बंगळूरात आले. पुढील कलह ताजा आहे. १९९० साली न्यायाधिकरण नेमले गेले, १९९१ च्या अंतरिम आदेशानंतर या शहरात दंगली झाल्या, २००७ मध्ये अंतिम निवाडा आला. त्यात एक मुद्दा आम्हांस फार विलक्षण वाटतो. बंगळूर उंच कण्यावर वसले आहे; पश्चिमेचे पाणी अर्कावतीवाटे कावेरीस मिळते, पूर्वेचे दक्षिण पिनाकिनीकडे उतरते. म्हणून न्यायाधिकरणाने शहराचा एक तृतीयांश भागच खोऱ्यातला धरला आणि पिण्याचे पाणी तेवढ्यांच्याच हिशेबाने मोजले. १६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही रेषा पिण्याच्या पाण्यापुरती पुसली, कर्नाटकाचा वाटा २७० वरून २८४.७५ अब्ज घनफुटांवर नेला आणि वाढीतील ४.७५ अब्ज घनफूट या शहरासाठी दिले. तमिळनाडूच्या ४१९ चे ४०४.२५ झाले. वजाबाकी तंजावरकडे आली, बेरीज बंगळूरास.