पेशंटजवळ कोण थांबणार?

कोडोलीतून बोलतोय. घरातलं कुणी अ‍ॅडमिट झालं की दवाखान्यात ठरलेला प्रश्न येतो, ‘पेशंटजवळ कोण थांबणार?’ आई, भाऊ, शेजारचा दादा, कुणीतरी डबा घेऊन पोचतंच. पण ज्यानं घरच सोडलंय, त्याचं काय?

बौद्ध संघापुढे हाच प्रश्न उभा राहिला. विनयपिटकातल्या महावग्गात कथा आहे. एका भिक्खूला जुलाब लागलेले, बिचारा घाणीतच पडलेला. बाकीचे जवळ फिरकेनात. का? तर तो कुणाच्या काही कामाला येत नव्हता. बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला लावलं. एकानं ओतलं, दुसऱ्यानं अंग धुतलं, मग दोघांनी उचलून त्याला खाटेवर ठेवलं. नंतर भिक्खूंना ठणकावलं, की इथं आई-बाप नाहीत, तुम्हीच एकमेकांचं बघायचं. पुढे नियमही झाला: आजारी भिक्खू वारला, तर त्याचं चीवर आणि भिक्षापात्र सेवा करणाऱ्याला द्यायचं. मला हा नियम फार आवडतो, कारण यात नुसतं कौतुक नाही, हातात काहीतरी पडतं.

जीवक वैद्याचं नाव ऐकलं असेल. सात वर्षं तक्षशिलेत शिकलेला, राजाचा आणि संघाचा वैद्य. मग काय, लोक फक्त त्याच्या उपचारासाठी भिक्खू व्हायला लागले आणि बरे झाले की चीवर टाकून घरी! शेवटी कुष्ठ, क्षय, अपस्मार अशा ५ आजारांच्या लोकांना संघात घेणं बंद झालं. डॉक्टर एक, रांग मोठी. पण दार लागलं ते ज्यांना जास्त गरज होती त्यांच्यासाठीच.

औषधं मात्र साधी. तूप, लोणी, तेल, मध आणि फाणित. फाणित म्हणजे उसाचा आटवलेला रस, आपली काकवीच म्हणा की! गुऱ्हाळाच्या मुलखात हे वेगळं सांगायला नको.

हे सगळं उत्तर भारतातलं. आपल्याकडचे वैद्य भेटतात लेण्यांच्या भिंतींवर. कन्नडजवळच्या पितळखोऱ्यात राजवैद्य मगिलाचं दान कोरलंय. त्याच्या मुलाचं आणि मुलीचंही आहे, दतक आणि दता. रायगडातल्या कुडा इथं वैद्य सोमदेवानं अख्खं लेणं दिलं. त्याचे वडील इसिरखित, तेही वैद्य. लेखात सोमदेवाच्या मुला-मुलींची नावं आहेत, आणि एका मुलाचं नाव पुन्हा इसिरखित. आजोबांचं नाव नातवाला, तेव्हाही!