ओयदिपौसचे नाव

शेक्सपिअर मराठी रंगभूमीवर आला तो नाव बदलून. आगरकरांच्या ‘विकारविलसित’मध्ये (१८८३) हॅम्लेटचा चंद्रसेन झाला, देवलांच्या ‘झुंझारराव’मध्ये (१८९०) ऑथेल्लो शीर्षकापासूनच देशी झाला. पु. ल. देशपांडे या रूपांतर-परंपरेचे समर्थ वारस. ‘ती फुलराणी’त शॉच्या एलायझाची त्यांनी मंजुळा केली. सोफोक्लिझकडे वळताना मात्र ‘राजा ओयदिपौस’ (१९७९) हे ग्रीक नाव, तेही ‘इडिपस’ हे इंग्रजी वळण टाळून, त्यांनी कायम ठेवले. हा केवळ मूलनिष्ठेचा प्रश्न नव्हे.

या नावाचा अर्थ ‘सुजलेल्या पायांचा’. टाकून दिलेल्या अर्भकाचे घोटे टोचले होते. ती खूण राजा नावातच वागवतो. नाव बदलले की हा दुवा निखळतो.

त्याहून मोठा प्रश्न दोषाचा. हा राजा एतद्देशीय केला, की कर्मविपाकाची कल्पना न बोलावता रंगमंचावर येते. पूर्वसंचिताने दुःखाचा हिशेब लागतो आणि प्रेक्षक निश्चिंत होतो. सोफोक्लिझच्या नाटकात तो लागत नाही. अजाणता घडलेल्या कृत्याचे दायित्व ओयदिपौस स्वतःच्या हाताने डोळे फोडून पत्करतो. परंतु हे त्याच्याच वाट्याला का, याचे उत्तर मिळत नाही.

परके नाव हा हिशेब रोखून धरते. तरीही ‘दैव’, ‘पाप’, ‘भोग’ हे शब्द अनुवादकाला मराठीतूनच घ्यावे लागतात, आणि त्यांच्यासोबत संचित परतते. म्हणूनच ग्रीक शोकात्मिकेच्या मराठी प्रयोगांचा इतिहास केवळ तारखा आणि नटसंच यांचा असू शकत नाही; कोणत्या शब्दाने प्रेक्षकाची सुटका केली आणि कोणत्या शब्दाने ती नाकारली, हेही त्यात तपासावे लागेल.