कुठल्या रात्रीचा हॅग्लर?

कोट काढू नका. १४ फेब्रुवारी १९५१, शिकागो स्टेडियम. सिगारींच्या धुरात रिंगवरचे दिवे धुक्यात लावल्यासारखे दिसताहेत, आणि तुम्ही खिशात वही घेऊन एका जुन्या भांडणाचा निकाल लावायला आला आहात. शुगर रे रॉबिन्सन आणि मार्व्हिन हॅग्लर हे दोन मिडलवेट बॉक्सर समोरासमोर आले असते, तर कोण जिंकलं असतं? शेजारच्याला विचारण्यात अर्थ नाही. हॅग्लरचा जन्म व्हायला अजून तीन वर्षं आहेत.

खरं सांगायचं तर रॉबिन्सन सुरुवातीला तुमची निराशाच करतो. जेक ला मोटा कमरेत वाकून आत घुसतोय, बरगड्यांवर मारतोय. हा दोघांचा सहावा सामना, आणि रॉबिन्सनला आजवर हरवणारा हाच एकटा. रॉबिन्सन नुसता जॅब मारतो, बाजूला सरकतो, पुन्हा जॅब. चौथ्या-पाचव्या फेरीत तुमच्या मनात येतंच, की इथे हॅग्लर असता तर हे सरकणं चाललं नसतं.

मग अकरावी फेरी येते. ला मोटा त्याला कोपऱ्यात गाठतो आणि अंगातलं उरलंसुरलं सगळं त्या मिनिटात ओततो. तेवढ्यात तो संपतो. पुढे जे होतं त्याला सामना म्हणवत नाही. डावा, उजवा, पुन्हा डावा. रॉबिन्सनचे हात थांबत नाहीत आणि ला मोटा पडत नाही. दोरीचा आधार घेऊन तो हट्टाने उभाच राहतो. शेवटी रेफ्रीला मध्ये पडावं लागतं. ला मोटा आडवा न होताच हरतो.

वहीत लिहून ठेवा : तेरावी फेरी.

आता कोट काढा, इथे वाळवंटातली संध्याकाळ आहे. लास वेगास, १५ एप्रिल १९८५, सीझर्स पॅलेसच्या आवारात उघड्यावर उभारलेली रिंग. घंटा वाजते आणि टक्कल केलेला, डावखुरा हॅग्लर उंच्यापुऱ्या टॉमी हर्न्सवर असा धावून जातो, की तुमचं पेन उघडायचं राहून जातं. पहिल्या तीन मिनिटांत दोघंही बचाव विसरतात. हर्न्सचा उजवा हात मोडतो. हॅग्लरचं कपाळ फाटतं. तिसऱ्या फेरीत रेफ्री रिचर्ड स्टील त्याला डॉक्टरपुढे उभा करतो. आता रक्तामुळे सामना थांबवतील हे हॅग्लरला कळलेलं असावं. पुढच्या काही क्षणांतच त्याचा उजवा ठोसा बसतो. हर्न्स कोसळतो, कसाबसा उठतो, आणि स्टील त्याला सावरून धरतो. सगळं मिळून जेमतेम आठेक मिनिटं.

झाला निकाल? थांबा. त्याच जागी दोन वर्षं पुढे सरका : ६ एप्रिल १९८७, समोर शुगर रे लेनर्ड. हाच हॅग्लर पहिल्या फेऱ्यांमध्ये डावखुरेपण सोडून सरळ पवित्र्यात उभा राहतो, वाट बघतो आणि गुण घालवून बसतो. तीन पंचांपैकी दोघं लेनर्डला कौल देतात. त्याआधी कागदावरही हॅग्लरने बरंच सोडलेलं असतं : बारा फेऱ्या आणि मोठी रिंग, म्हणजे लेनर्डला पळायला जागाही भरपूर.

भांडणाची खरी गाठ इथे आहे. किताबाचे सामने पूर्वी पंधरा फेऱ्यांचे असत. १९८२मध्ये किम डुक-कू हा कोरियन बॉक्सर लढतीतल्या मारानंतर मरण पावला, आणि त्यानंतर ते बारावर आले. बारा फेऱ्यांच्या करारात ला मोटा त्या रात्री शेवटच्या घंटेपर्यंत उभा राहिला असता. म्हणून तुमच्या वहीत दोन उत्तरं हवीत. बारा फेऱ्यांत १९८५चा हॅग्लर, गुणांवर. पंधरा फेऱ्यांत १९५१चा रॉबिन्सन, शेवटच्या दोन-तीन फेऱ्यांत. (माँझोनचे लोक आता चिडतील. चौदा वेळा किताब राखलेल्या माणसाचं नावही घेतलं नाही म्हणतील, आणि त्यांचं चूक नाही.)

परत फिरण्याआधी एक चैन करून घ्या. हॅरी ग्रेब, पिट्सबर्गची पवनचक्की. कारकिर्दीत तीनशेच्या आसपास सामने, पण त्यांतल्या एकाचीही फिल्म उरलेली नाही. त्याच्या बाजूने भांडणारे सगळे ऐकीव माहितीवर भांडतात. तुम्ही मात्र २३ मे १९२२ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बसला आहात. समोरचा जीन टनी त्याच्याहून उंच, वजनाने भारी. पुढे जॅक डेम्प्सीला दोनदा हरवणारा हाच. पहिल्याच फेरीत त्याचं नाक फुटतं. ग्रेब कुठून येतो ते धड दिसत नाही. जवळून, बाजूने, उडी मारून, एकाच वेळी तीन दिशांनी आल्यासारखा. ठोसे मोजायला घेता आणि तिसऱ्या फेरीत नाद सोडता. पंधरा फेऱ्या टनी रक्त गिळत उभा राहतो आणि हरतो, आयुष्यात एकदाच.

तुम्ही वही उघडता. हे पाहिलेले तुम्ही एकटेच, आता तुमच्याशी कोण वाद घालणार?

शेजारी बसलेला म्हातारा टोपी सारखी करतो. जुना मिडलवेट विजेता स्टॅन्ली केचेल, त्याला जाऊन बारा वर्षं होत आलीत.

"केचेल असता ना," तो म्हणतो, "तर हे पोरगं पाचव्या फेरीत झोपलं असतं."

तुम्ही खुर्ची त्याच्याकडे वळवता.