जोडलेलीं छायाचित्रें

संगणकावर छायाचित्र हवें तसें बदलतां येऊं लागल्यापासून ही कला कीं कपट, हा वाद रंगला आहे. वाद मात्र जुना आहे.

१८५४ सालीं मुंबईस फोटोग्राफिक सोसायटी निघाली. तिच्या संस्थापकांपैकीं विल्यम जॉन्सन यानें मुंबईंतील जातिजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड १८६३ व १८६६ सालीं प्रसिद्ध केले, दुसरा महाराष्ट्रीयांचा. त्यांतील पुष्कळ माणसें चित्रशाळेंत टिपलेलीं, मागचा देखावा निराळ्याच काचेवरचा. दोहोंचा सांधा नंतर जुळविलेला.

त्याच सुमारास, १८५७ सालीं, इंग्लंडांत रेजलँडर यानें तीसांहून अधिक काचा जुळवून एक भव्य चित्र रचलें. त्याच्यावर टीकाही झाली. पण पुढल्याच वर्षीं त्यानें आपली रीत व्याख्यान देऊन उघड सांगितली. व्हिक्टोरिया राणीनें त्याची प्रत विकत घेतली, ती कलाकृति म्हणूनच.

जॉन्सनचें पुस्तक मात्र लोकजीवनाचा दाखला म्हणून पुढें आलें, आणि खरी अडचण येथेंच आहे. पागोट्याचा बांध, लुगड्याची नेसण खरी. परंतु तीं माणसें त्या देखाव्यापुढें कधीं उभीं राहिलीं नव्हतीं.