बहिर्जी नाईकांनी सुरतेहून काय आणले?

'सिव्हिलायझेशन ६' या २०१६ साली आलेल्या कॉम्प्युटर गेममध्ये शत्रूच्या शहरात हेर पाठवता येतो. त्याला व्यापारी भागात बसवायचे, काही खेळ्या वाट पाहायची, आणि डाव जमला की तिथले सोने आपल्या खजिन्यात जमा! हेर पकडलाही जाऊ शकतो. हे सगळे ठीक. पण एकटा हेर एवढे सोने उचलून आणतो कसे, हे काही मला पटत नाही.

आता सुरत बघा. कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला बखर लिहिली. तिच्यात बहिर्जी जाधव नाईक सुरतेहून येतात आणि सुरत मारली तर अगणित द्रव्य मिळेल, असे महाराजांना सांगतात. बस्स, एवढेच. नाईकांनी एक होनही आणलेला नाही. आणली ती बातमी.

पण ती बातमी केवढी! शाहिस्तेखानाने तीन वर्षे मुलूख नासवलेला, खजिना रिकामा. सुरतेत पैसा आहे हे साऱ्या जगाला ठाऊक होते. तो कोणाच्या घरात आहे आणि राखायला किती माणसे आहेत, हे कळायला हवे होते. सुभेदार इनायतखान फौजेच्या पगाराचे पैसे स्वतःच खात होता, असे जदुनाथ सरकार लिहितात. (कागदावरची हजेरी म्हणजे काय ते आम्हा सरकारी कारकुनांना कोणी शिकवायला नको.) जानेवारी १६६४ मध्ये मराठे आले तेव्हा हा खान किल्ल्यात जाऊन बसला. चार दिवस विरजी व्होरा, हाजी सय्यद बेग अशा बड्यांची घरे खणली गेली. डचांच्या एका दिवंगत दलालाचे घर मात्र, तो दानधर्मी होता म्हणून, वगळले असे बर्नियर सांगतो. कोणते घर सोडायचे इथपर्यंत माहिती होती म्हणायची! मोगलांची कुमक येण्याआधी सगळे परतही गेले.

नाईकांच्या वेषांतराच्या गोष्टी आपण कादंबऱ्यांत वाचतो. सांगली जिल्ह्यात बाणूरगडावर त्यांची समाधी दाखवतात. समकालीन कागदांत मात्र फारसे काही सापडत नाही. हेराचे नाव कागदावर येऊ नये हेच बरे, नाही का?

आमच्या गोव्यात मात्र असा डाव फसला. १६६८ साली महाराजांची माणसे थोडी थोडी करून शहरात शिरताहेत, असा पोर्तुगिजांना संशय आला आणि त्यांनी ती हुडकून बाहेर काढली. गोवा काही मिळाला नाही. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात महाराजांनी नार्व्याला सप्तकोटेश्वराचे देऊळ पुन्हा बांधायला घेतले. तिथला शिलालेख अजून वाचता येतो.